पदकाची कडा: जुनी लष्करी पदकं आणि ती मिळवणाऱ्या शिपायांचा शोध

इंदूरचा सराफा म्हटलं की लोकांना रात्रीचा भुट्ट्याचा कीस आणि गराडू आठवतो. मला आठवतो तो दुपारचा सराफा: अर्धवट अंधारी गल्ली, भात्याचा आवाज आणि मुशीत वितळणारी चांदी. तिथे सोनं-चांदी गाळणारे बरेच जण सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडचे. चार पिढ्या माळव्यात काढूनही घरात मराठीच बोलणारे आमच्यासारखे लोक आणि हे गलाईवाले यांची ओळख व्हायला वेळ लागत नाही. अशाच एका काकांच्या तराजूत मोडलेली पैंजणं आणि एका करंड्याचं झाकण होतं. त्यांच्याखाली एक गोल चांदीचा तुकडा पडला होता. एका बाजूला पाचव्या जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. वरची कडी कुणीतरी कापून टाकलेली. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल. मी चांदीच्या भावाने ते सोडवून घेतलं आणि घरी येऊन भिंगाखाली धरलं. कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि '११० मराठा' असं रोमन अक्षरांत ठोकलेलं होतं.

या छंदात मी शिकलेली मुख्य गोष्ट तिथेच होती. चेहरा आणि घोडा लाखो पदकांवर एकसारखे असतात. कडेवरची ती एक ओळ मात्र एकाच माणसाची असते. म्हणून पदकं गोळा करायच्या आधी कडा वाचायला शिका. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि पहिली दोन वर्षं फुकट घालवली.

आधी स्वतःच्या घरातला डबा

बाजारात जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. देव्हाऱ्याचा खण, आजीचा सुईदोऱ्याचा डबा, जुन्या पासबुकांची पिशवी, सगळं बघा. पदकापेक्षा मोलाची वस्तू तिथे सापडू शकते, ती म्हणजे डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद. त्यावर नंबर, भरतीची तारीख, गाव, वडिलांचं नाव आणि अंगावरची खूणसुद्धा असते. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाशी बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. 'लढाईत काय झालं' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: सुट्टीवर कुठल्या स्टेशनातून यायचे? पत्र कुठून यायचं? पेन्शन कुठे घ्यायला जायचे? म्हाताऱ्या माणसांना लढाया आठवत नाहीत, स्टेशनं आठवतात.

आणि जे निघेल ते पचवायची तयारी ठेवा. आमच्याकडे माझे आजोबा 'बर्मात लढले' असं साठ वर्षं सांगितलं जायचं. डब्यात निघाली दोन पदकं: १९३९-४५ चं वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल. बर्मा स्टार नाही. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळात बर्माच्या मोहिमेत उतरलेल्याला तो तारा मिळायचा. इंडिया सर्व्हिस मेडल भारतातल्या तीन वर्षांच्या सेवेसाठी होतं. तारा हरवलाही असेल म्हणून मी डिस्चार्ज बुक काढलं, तर त्यात सगळी वर्षं डेपोतली. आमच्या आत्याने दोन महिने माझ्याशी अबोला धरला.

कडा कशी वाचायची

पदक टेबलावर मऊ सुती कापडावर ठेवा. टॉर्च वरून नको, बाजूने, जवळजवळ आडवी धरा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांची सावली पडते. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं दहापट भिंग पुरेसं आहे. पदक थोडं थोडं फिरवत मोबाइलने आठ-दहा फोटो काढा आणि मग मोठे करून वाचा. अक्षरं उठावीत म्हणून खडू, रंग, तेल काहीही लावू नका.

कडेवर बहुधा हा क्रम असतो: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. हुद्द्यावरूनच बरंच कळतं. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार म्हणजे बहुधा पायदळ. सवार, दफेदार, रिसालदार म्हणजे घोडदळ. 'ड्राबी' दिसलं तर गोंधळू नका, 'ड्रायव्हर'चं ते छावणीत रुळलेलं रूप. तो खेचरांच्या तांड्याचा माणूस. होळकर संस्थानची ट्रान्सपोर्ट कोअर पहिल्या महायुद्धात गेली होती, तेव्हा इंदूरकरांनी या शब्दावर खास नजर ठेवावी. भिस्ती, डोलीवाले, सफाईवाले यांनाही पदकं मिळाली. लेबर कोअरच्या, म्हणजे मजुरांच्या पथकातल्या माणसांना मिळालेलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं नव्हतं, ब्राँझचं होतं. चांदीवाले आजही ते बाजूला टाकतात. संग्राहकाने टाकू नये.

अक्षरं ठशाने ठोकलेली आहेत की हाताने कोरलेली, हे पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर ती ठोकलेली, सरळ आणि एकसारख्या खोलीची असतात. एकोणिसाव्या शतकातल्या भारतीय पदकांवर सुंदर वळणदार कोरीव अक्षरंही भेटतात. १९१४-१५ च्या ताऱ्यावर नाव कडेवर नसून मागच्या सपाट बाजूला असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांबाबत इंटरनेटवर 'नाव नसतं' असं वाचाल. इंग्लंडमध्ये वाटलेल्या पदकांबाबत ते खरं आहे. भारतात दिलेल्या पुष्कळ पदकांवर मात्र नाव असतं, म्हणून ताऱ्याची मागची बाजू जरूर उलटून बघा.

पदक कोणतं, आणि ते काय सांगतं

इथे सगळी यादी देत नाही. आपल्या भागात हाताला लागणारी पदकं ओळखता आली की सुरुवात झाली.

पहिल्या महायुद्धात एक सोपा हिशोब आहे. १९१४-१५ चा तारा एकटा कधीच मिळाला नाही, त्याच्या जोडीला ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल आलंच. व्हिक्टरी मेडलही एकटं नसतं, त्याच्याबरोबर वॉर मेडल असतं. वॉर मेडल मात्र एकटं असू शकतं. तुमच्याकडे नुसता तारा असेल तर दोन भावंडं कुठेतरी हरवली आहेत. त्यातलं चांदीचं भावंड बहुधा मुशीतच गेलं. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव जगभर आभाळाला भिडला, तेव्हा ही पदकं पोत्यांनी वितळली. सराफ्यातले म्हातारे त्या दिवसांची आठवण अजून काढतात.

वायव्य सरहद्दीवर लढलेल्यांचं पदक म्हणजे इंडिया जनरल सर्व्हिस मेडल. त्याच्या रिबनवरच्या धातूच्या पट्टीवर मोहीम लिहिलेली असते. १९०८ च्या मालिकेत अशा बारा पट्ट्या आहेत. मराठा पलटणींच्या पदकांवर 'वझिरिस्तान १९१९-२१' किंवा 'अफगाणिस्तान १९१९' दिसली की सरहद्दीची चौकशी सुरू करा. ही पदकं कलकत्त्याच्या टांकसाळीतही पडली आणि लंडनमध्येही. कडी धरणारा पंजा साधा असेल तर कलकत्ता, नक्षीचा असेल तर लंडन.

जुन्यात जायचं तर इंदूरकराने दोन पट्ट्या लक्षात ठेवाव्या. पहिली म्हणजे १८५७-५८ च्या पदकावरची 'सेंट्रल इंडिया'. इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या झाशी, काल्पी, ग्वाल्हेर मोहिमेतल्या फौजेला ती मिळाली. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि महूची पलटण उठली. त्यानंतर इंग्रजांनी जी बाजू सावरली, तिची ही पट्टी. दुसरी पट्टी 'महिदपूर'. २१ डिसेंबर १८१७ ला शिप्रेकाठी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि मग महूची छावणी वसली. या लढाईचं पदक, आर्मी ऑफ इंडिया मेडल, मंजूर झालं १८५१ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी, आणि तेही फक्त हयात असलेल्यांना. अर्ज करायला उरलेले एतद्देशीय शिपाई किती असणार? म्हणून ते भारतीय नावाचं दिसलं तर आधी खोटं समजा, मग तपासा. आपल्या पराभवाचं पदक हौसेने शोधायचं हे विचित्र वाटतं खरं. पण त्या दिवशी समोरच्या बाजूलाही मद्रासकडचे आणि आपल्याकडचेच लोक उभे होते.

स्वातंत्र्यानंतरची पदकं विसरू नका. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वरची 'जम्मू-काश्मीर' पट्टी, १९६५ चं रक्षा मेडल, १९७१ चं संग्राम मेडल ही आज स्वस्त वाटतात. त्यांतले पुष्कळ मालक किंवा त्यांच्या बायका अजून हयात आहेत, तेव्हा शोधाला याहून चांगली वेळ नाही.

पलटणीचं नाव बदलत राहतं

इथे नवशिके हमखास अडकतात. १९२२ पूर्वी मराठा पलटणींना वेगवेगळे आकडे होते: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. त्या वर्षी या सगळ्या ५ मराठा लाइट इन्फन्ट्री या एका रेजिमेंटमध्ये आल्या. १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी. म्हणजे '११० मराठा' आणि '३/५ मराठा' ही एकाच घराची दोन पत्ते लिहिलेली पाकिटं. महारांची १११ पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ची. मधल्या वीस वर्षांत महार म्हणून स्वतंत्र पलटण नव्हती, हे माहीत नसेल तर तुम्ही चुकीच्या दारावर थाप मारत बसाल.

पलटण कळली की ती त्या वर्षी कुठे होती ते पाहा. माझ्या सराफ्यातल्या पदकाची ११० वी पलटण मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुतमध्ये होती. जनरल टाऊनशेंडच्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनंतर ती डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. पण पलटण कुतमध्ये होती म्हणून तुमचा शिपाई कुतमध्ये होता असं नाही. काही जण डेपोत होते, काही आजारी पडून परतले, काही नंतर भरती झाले. 'पलटणीचा इतिहास' आणि 'माणसाचा इतिहास' वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहा. मी तसं करतो आणि त्या दोन पानांमध्ये एक पान कोरं सोडतो.

नाव शोधताना नावावर भरवसा नको

कारकुनाने कानाने ऐकलं ते लिहिलं. 'जाधव' हे 'जादो' होतं, 'पवार' हे 'पोवार' किंवा 'पुअर', 'भोसले' हे 'भोंसला', 'चव्हाण' हे 'चोवान'. जुन्या नोंदींत आडनावच नसतं, फक्त स्वतःचं आणि बापाचं नाव. 'नाक' हा शेवट दिसला तर तो महार शिपाई असण्याची दाट शक्यता. भीमा कोरेगावच्या स्तंभावरची नावं याची साक्ष देतात.

म्हणून शोध नावाने करू नका, नंबरने करा. पण नंबर हा पलटणीपुरताच असतो. तोच आकडा दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाला असतो. नंबर आणि पलटण एकत्र धरले तरच ती किल्ली.

कागद कुठे कुठे आहेत

पहिली पायरी फुकटची आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांच्या नोंदी शोधता येतात. नाव, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि नशीब असेल तर बापाचं नाव, गाव, तालुका. मेसोपोटेमियात गेलेल्यांसाठी बसरा स्मारक पाहा. त्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं कोरली गेली नव्हती, नुसती संख्या होती, पण नोंदवहीत नावं आहेत. भारतात आणि वायव्य सरहद्दीवर मेलेल्यांसाठी दिल्लीचं इंडिया गेट पाहा. इथे नाव सापडलं नाही तर तो बहुधा जिवंत परतला. ही आनंदाची बातमी, पण शोध अवघड करणारी.

शौर्यपदक असेल, म्हणजे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट (१८३७ पासून) किंवा इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल (१९०७ पासून), तर लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्राबरोबर गॅझेट ऑफ इंडियाही बघा. भारतीय शिपायांचे पुष्कळ सन्मान तिथेच छापले गेले. १९११ पूर्वी व्हिक्टोरिया क्रॉस भारतीयांना मिळतच नव्हता. त्या काळी ऑर्डर ऑफ मेरिट हाच सर्वोच्च मान होता, त्यामुळे ते पदक दुय्यम समजू नका. उलट बाजूने शिकायचं असेल तर यशवंत घाडगे (इटली, १० जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५) यांचे व्हिक्टोरिया क्रॉसचे मजकूर गॅझेटमधून काढा. अधिकृत मजकूर कसा लिहिलेला असतो ते कळतं.

जुन्या मोहिमांच्या पदकांच्या याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या लष्करी दप्तरात आहेत. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये पलटणींच्या युद्धडायऱ्या आहेत. 'डब्ल्यूओ ९५' हा संदर्भ लक्षात ठेवा. डायरीत शिपायांची नावं क्वचितच येतात, पण पाऊस, उपास, कूच सगळं येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची बरीच कागदपत्रं 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर बघता येतात. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाकून शोधा.

दुसऱ्या महायुद्धातल्या किंवा नंतरच्या शिपायासाठी त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी आपल्याच प्रदेशातलं सागर. पत्र वारसाच्या सहीने जावं, नात्याचा पुरावा जोडावा आणि एकाच पत्रात दहा प्रश्न विचारू नयेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले लोक पत्र कसं लिहायचं ते सांगतात. महूत आपल्या दाराशीच इन्फन्ट्री म्युझियम आहे. तिथे जाऊन पट्ट्या आणि रिबनींचे रंग डोळ्यांत भरून घ्या, फोटो बघून ते जमत नाही.

आता मराठी माणसाला मोकळी असलेली एक वाट, जी परदेशी संग्राहकाला ठाऊकच नसते. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गाव आणि आडनावावरून वंशावळ निघते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हेळवी घरोघरी फिरून कुळाच्या पिढ्या सांगतात. आणि गावातल्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी शोधा: या गावातून १९१४-१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यापैकी इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला लोक 'मिलिटरी' उगाच जोडत नाहीत. मला माझ्या शिपायाच्या गावचं नाव अशाच एका पाटीवरच्या शेवटच्या आकड्यावरून पक्कं करता आलं.

घेताना फसू नये म्हणून

मी फसलो ते असं. भिंगाशिवाय, घाईत, संध्याकाळच्या उजेडात मी एक सरहद्दीचं पदक घेतलं. घरी आल्यावर दिसलं की जुनं नाव घासून वर नवं कोरलेलं आहे. तेव्हापासून खिशात डिजिटल व्हर्नियर ठेवतो. यातली बहुतेक गोल पदकं ३६ मिलिमीटरची असतात. चार वेगवेगळ्या दिशांनी माप घ्या. कुठे अर्धा मिलिमीटर कमी भरला तर तिथे कानस फिरली आहे. ओतीव नकलेवर चेहऱ्याचे केस, घोड्याची आयाळ बोथट असतात, बारीक छिद्रं दिसतात आणि कडेवर जोडाची रेषा असते. वजन सराफाच्या काट्यावर करा. कडी लावलेलं ब्रिटिश वॉर मेडल साधारण तीस-बत्तीस ग्रॅम भरतं. रिबन जुनी असल्याचा दावा असेल तर नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली धरा. नवा कृत्रिम धागा चमकतो.

एकाच माणसाची दोन-तीन पदकं एकत्र असतील तर त्यातलं एक कधीही वेगळं घेऊ नका. दुकानदार सांगेल, 'भिया, बाकीचं नंतर घेऊन जा.' नंतर ती तिथे नसतात. पैसे कमी असतील तर सगळी सोडा, पण तोडू नका. पंचवीस अनाम पदकांपेक्षा नाव असलेल्या एका साध्या पदकाचा पूर्ण शोध मला जास्त किमतीचा वाटतो. कुणी 'ओरिजिनल परमवीर' दाखवलं तर चहा पिऊन उठा.

पितांबरी नको

माझ्या आजोबांचं पदक मी सोळाव्या वर्षी दसऱ्याच्या तांब्या-पितळेबरोबर पितांबरी लावून घासलं होतं. लखलखीत झालं आणि कडेवरच्या नावातली दोन अक्षरं कायमची गेली. चिंच, रांगोळी, राख, ब्रासो, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. काळपटपणा हा पदकाचा शत्रू नाही. फक्त हिरवट पूड दिसली तर कोरड्या मऊ कापडाने ती टिपा. मऊ प्लास्टिकच्या चकचकीत पाकिटात ठेवू नका, त्यातून चिकट हिरवा थर येतो. आम्लमुक्त कागद, सुती कापड, सिलिका जेलची पुडी आणि रबरबँड अजिबात नको. पावसाळ्यात दोन वेळा डबा उघडा.

प्रत्येक पदकाला एक वही-पान: कधी, कुठे, कितीला मिळालं, कडेवरचा मजकूर जसाच्या तसा (चुकीच्या स्पेलिंगसह), फोटो आणि कुठल्या कागदात काय शोधलं. काही सापडलं नाही तर तेही लिहा, नाहीतर तोच कागद तीन वर्षांनी पुन्हा उघडाल.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते, ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाची पदकं ती रेषा ओलांडून गेली आहेत. परदेशी वेबसाइटवर विकायच्या फंदात पडू नका. आणि दुसऱ्याचं पदक छातीवर लावून सैनिक म्हणून मिरवू नका, तो गुन्हा आहे.

वारस सापडल्यावर

पहिल्या पत्रात किंवा फोनवर पदक, चांदी, किंमत यांतलं काहीही बोलू नका. 'तुमच्या गावातल्या एका शिपायाबद्दल माहिती जमवतोय' इतकंच सांगा आणि ऐका. पदक घरातून का गेलं हे विचारू नका. दुष्काळ, लग्न, आजारपण यांपैकी एखादं कारण निघतंच आणि ते सांगताना समोरच्याला लाज वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यात कडेचा फोटो पाठवा.

माझ्या सराफ्यातल्या शिपायाचे नातू माझ्याकडे इंदूरला आले होते. त्यांची परवानगी नाही म्हणून नाव देत नाही. त्यांनी पदक हातात घेतलं, भिंग मागितलं, कडेवरचं नाव अक्षर लावत वाचलं आणि म्हणाले, "हे तर आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव आहे." भरतीच्या वेळी वय कमी होतं म्हणून धाकट्याने थोरल्याचं नाव सांगितलं होतं आणि पलटणीत मरेपर्यंत तेच चालवलं. थोरला भाऊ गावीच होता, शेती करत होता. पदक त्यांच्या सोबत गेलं. वहीतल्या त्या कोऱ्या सोडलेल्या पानावर मी धाकट्याचं खरं नाव लिहिलं आहे, पेन्सिलीने, कारण त्यांच्या गावच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल अजून यायची आहे.